स्विचवरचे दिवे: काय सांगतात आणि काय सांगत नाहीत



'स्विच' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं बटण येतं. पंख्याचं, ट्यूबलाईटचं. त्यामुळे नववीच्या वर्गात फळ्यावर 'नेटवर्क स्विच' असं लिहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, तो चालू-बंद कशाला करायचा?" मी त्यांना म्हणते, चला, बघूया. मग आम्ही सगळे संगणक कक्षात जाऊन कोपऱ्यातल्या त्या चपट्या काळ्या पेटीसमोर उभे राहतो. पेटीला ओळीने चौकोनी भोकं, प्रत्येक भोकात एक वायर आणि प्रत्येक वायरीजवळ एक लुकलुकणारा बारीक दिवा. आजचा पाठ त्या दिव्यांचा आहे.

मी शहाडच्या एका शाळेत शिकवते. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की पहिलं स्टेशन आमचं. आमच्या मुलांना दिवे वाचणं शिकवावं लागत नाही, ते त्यांना येतंच. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून सिग्नल पिवळा आहे की हिरवा, हे पाहून गाडी येतेय का याचा अंदाज बांधणारी ही मुलं. कुणाचे वडील रेयॉनच्या कंपनीत, कुणाचे अंबरनाथच्या एमआयडीसीत. तिथल्या पॅनलवरही लाल-हिरवे दिवे असतात. एकदा पालकसभेत एका पालकांनी मला सांगितलं होतं, "बाई, आमच्याकडे नवीन पोराला पहिली गोष्ट शिकवतात. आधी दिवा बघ, मग हात लाव." हे वाक्य मी संगणक कक्षात जसंच्या तसं वापरते.

आता हा पाठ मला इतका महत्त्वाचा का वाटतो, ते सांगते. आमच्याकडे एका वर्गाला आठवड्यातून संगणकाची एक तासिका मिळते. ३५ मिनिटं. त्यात ये-जा आणि हजेरी धरली तर हातात पंचवीस उरतात. एका संगणकावर दोन-तीन मुलं. अशात एखाद्या संगणकावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी लागली की त्या जागेवरची मुलं दुसऱ्यांच्या खुर्चीमागे उभी राहून नुसती बघतात. बाहेरून येणारा दुरुस्तीवाला कधी येईल ते त्याच्या सवडीवर. चिठ्ठी महिनाभर तशीच राहते. आणि पुष्कळदा संगणक बिघडलेलाच नसतो, वायर ढिली असते. समोरच्या दिव्याने ते पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, पण वाचायला कुणी नसतं.

पोर्ट म्हणजे काय?

पेटीवरच्या प्रत्येक चौकोनी भोकाला पोर्ट म्हणतात. पोर्ट म्हणजे बंदर, हा अर्थ मुलांना आवडतो. जहाज बंदराला लागतं तशी वायर पोर्टला लागते. छोट्या स्विचला ५ किंवा ८ पोर्ट असतात, शाळेच्या कक्षातल्या स्विचला बहुधा १६ किंवा २४.

पोर्टमध्ये बसणाऱ्या वायरीच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा जॅक असतो. बाजारात त्याला आरजे-४५ म्हणतात. तो मुलांच्या हातात द्या आणि आतल्या रंगीत तारा मोजायला सांगा. आठ निघतील. या आठ तारा दोन-दोन करून एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, म्हणजे चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची आणि दुसरी पांढरी, त्या रंगाची रेघ असलेली. "बाई, पिळतात कशाला?" हा प्रश्न येतोच. शेजारच्या तारांतून आणि आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांतून जो गोंगाट येतो, तो पिळलेल्या जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे सारखा पडलेला गोंगाट आपोआप वजा होतो. वजाबाकीचा असा उपयोग गणिताच्या पुस्तकात सापडणार नाही.

अशी वायर साधारण १०० मीटरपर्यंत टाकता येते. त्यापुढे भरवसा नाही. वायर घेताना दुकानात एक प्रश्न जरूर विचारा, "आतली तार शुद्ध तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची?" दुसरी स्वस्त पडते, पण दोन-चार वेळा वाकली की आत तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

हजेरी, बोलणं आणि समजणं

आता दिवे. मी वर्गात हे असं समजावते.

सकाळी मी हजेरी घेते. नाव पुकारलं की मूल म्हणतं, "हजर." एवढ्यावरून मला काय कळलं? मूल वर्गात आहे, एवढंच. मग तास सुरू होतो, काही मुलं उत्तरं देतात, प्रश्न विचारतात. आता कळलं की ती बोलतायत. पण त्यांना धडा समजला का? ते हजेरीवरून कळत नाही आणि बडबडीवरूनही कळत नाही. त्यासाठी वही बघावी लागते.

स्विचच्या दिव्यांचंही असंच आहे. पोर्टचा दिवा स्थिर पेटलेला असेल तर त्याचा अर्थ 'हजर'. वायरीच्या पलीकडे एक जिवंत यंत्र आहे आणि दोघांची ओळख पटली आहे. याला लिंक म्हणतात. दिवा लुकलुकत असेल तर वायरीतून माहिती ये-जा करते आहे. हे झालं बोलणं. पण इंटरनेट चालू आहे का, वेबसाईट उघडेल का, फाईल नीट पोचली का, यातलं काहीही हा दिवा सांगत नाही. त्याला ते माहीतच नसतं.

रेल्वेच्या सिग्नलवरून हे मुलांना चटकन पटतं. सिग्नल हिरवा आहे म्हणजे पुढचा मार्ग मोकळा आहे. गाडीत चढायला जागा आहे का, हे सिग्नल कसं सांगणार?

ही हजेरी लागते कशी, तेही गमतीदार आहे. १९९० साली पिळलेल्या तारांवर चालणाऱ्या इथरनेटचं मानक आलं. त्यात असं ठरलं की बोलण्यासारखं काही नसेल तेव्हाही दोन्ही यंत्रांनी साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक बारीक ठोका पाठवायचा. मी आहे, मी आहे, असा. ठोके येत राहिले की दिवा पेटतो, थांबले की विझतो. पुढे १९९५ च्या सुमारास वेग वाढला, तेव्हा याच ठोक्यांच्या झुबक्यांतून यंत्रं एकमेकांना आपला वेग सांगू लागली. तू किती वेगाने बोलू शकतोस, मी किती, दोघांना जमेल तो सगळ्यात चांगला वेग धरायचा. वायर खोचल्यावर दिवा लागायला दोन-तीन सेकंद जातात, त्यात हीच बोलणी चाललेली असतात.

आणि लुकलुकण्याबद्दल एक गंमत. १०० मेगाबिटच्या जोडणीवर माहितीचा मोठ्यात मोठा नेहमीचा तुकडा, म्हणजे १५१८ बाइट, साधारण १२१ मायक्रोसेकंदांत निघून जातो. आपला डोळा एवढी बारीक उघडझाप टिपू शकत नाही. म्हणून स्विच मुद्दाम ती उघडझाप ताणून, लांबवून आपल्याला दाखवतो. म्हणजे दिवा लुकलुकला की काहीतरी गेलं हे खरं, पण लुकलुक मोजून किती गेलं ते सांगता येत नाही.

रंगांचं काय?

इथे शिक्षकांनी एक काळजी घ्यायला हवी. रेल्वेच्या सिग्नलवर लाल म्हणजे थांबा, मग तुम्ही शहाडला असा नाहीतर सोलापूरला. स्विचवर असं नसतं. दिव्याच्या रंगांचा सगळ्या कंपन्यांनी पाळायचा असा एकच नियम नाही. एका पेटीवर हिरवा म्हणजे १००० मेगाबिट आणि केशरी म्हणजे १०० किंवा १०, तर दुसऱ्या पेटीवर वेगळंच. काहींना पोर्टमागे दोन दिवे असतात, एक लिंकचा आणि एक वेगाचा. त्यामुळे 'हिरवा चांगला, केशरी वाईट' असं मुलांना पाठ करून घेऊ नका. पेटीवर दिव्यांशेजारी बारीक अक्षरात खुलासा छापलेला असतो, तो आधी वाचायला लावा. नकाशा वाचताना आपण सूची बघायला सांगतो ना, तसंच.

वेगाचा दिवा मात्र एक फार उपयोगी गोष्ट सांगतो. १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, जॅकमधल्या १-२ आणि ३-६ क्रमांकांच्या. १००० मेगाबिटला चारही लागतात. समजा निळ्या जोडीतली एक तार आत तुटली. तर अनेक यंत्रं हट्ट न करता खाली उतरून १०० वर जोडली जातात. संगणक चालतो, कुणी तक्रार करत नाही, फक्त त्या पोर्टचा रंग शेजाऱ्यांपेक्षा वेगळा दिसतो. वर्गात सगळं ठीक म्हणणारं पण पूर्वीपेक्षा गप्प झालेलं मूल जसं शिक्षकाच्या नजरेला खटकतं, तसा हा दिवा खटकायला हवा.

आणखी दोन बारकावे. संगणक बंद केला तरी त्याच्या पोर्टचा दिवा कधीकधी पेटलेलाच राहतो. नेटवर्कवरून जागं करता यावं म्हणून संगणकाचं नेटवर्क कार्ड अर्धवट जागं ठेवलेलं असतं, म्हणून हे होतं. यात बिघाड काही नाही. दुसरं, मोठ्या संस्थांतल्या काही महाग स्विचवर वायर लावली की दिवा सुमारे अर्धा मिनिट केशरी राहतो आणि मग हिरवा होतो. त्या वेळात स्विच एक तपासणी करत असतो. कसली, ते पुढे येईलच. अशा वेळी घाईने वायर उपटून दुसरीकडे लावली की तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

एक सूचना विशेषतः शिक्षकांसाठी. वर्गातल्या काही मुलांना, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त, लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. ती सहसा सांगत नाहीत. म्हणून नुसता रंग विचारू नका. दिवा कुठल्या जागी आहे, स्थिर आहे की लुकलुकतोय, हेही विचारा. म्हणजे कुणी मागे पडणार नाही.

पेटीच्या आत काय चालतं?

इथरनेटची कल्पना १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. सुरुवातीला एकच जाड केबल असायची आणि सगळे संगणक तिला जोडलेले. पुढे हब नावाची पेटी आली. हब म्हणजे शाळेचा लाऊडस्पीकर. कुणा एकासाठी आलेला निरोप सगळ्या वर्गांत ऐकू जाणार, आणि दोघं एकदम बोलले तर कुणालाच काही कळणार नाही.

स्विच म्हणजे आपले शिपाई मामा. नवीन मामा पहिल्या दिवशी चिठ्ठी घेऊन प्रत्येक वर्गात विचारतात, "जोशीबाई इथे आहेत का?" दोन दिवसांत त्यांना पाठ होतं, कोण कुठे असतं ते. मग चिठ्ठी सरळ त्याच दारात जाते, बाकीच्या वर्गांना त्रास नाही. स्विचही असंच शिकतो. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो. माहितीचा तुकडा ज्या पोर्टमधून आला, त्या पोर्टसमोर स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता टिपून ठेवतो. पत्ता माहीत नसेल तर मात्र तो निरोप बाकी सगळ्या पोर्टना पाठवतो. आणि बराच वेळ एखाद्याकडून काही आलं नाही तर ती नोंद पुसून टाकतो. पुष्कळ स्विचमध्ये हा वेळ ३०० सेकंद ठरलेला असतो.

इथे मुलांना एक नाव आवर्जून सांगते. पहिला इथरनेट स्विच १९९० साली बाजारात आणणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीचं नाव होतं 'कल्पना'. विनोद भारद्वाज हे तिचे भारतीय वंशाचे एक संस्थापक. पत्नीचं नाव त्यांनी कंपनीला दिलं होतं. त्या पहिल्या स्विचला सात पोर्ट होते. १९९४ साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. वर्गात एखादी कल्पना असतेच, तिच्याकडे सगळे वळून बघतात आणि त्यानंतर स्विच हा शब्द कुणी विसरत नाही.

सगळे दिवे एकदम नाचतात तेव्हा

आता एक प्रसंग सांगते, कारण दिवे वाचता येण्याची खरी किंमत मला त्या दिवशी कळली.

बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची बोर्डाची परीक्षा संगणकावर होते. त्यामुळे जानेवारीत आमच्या कक्षात सरावाची गडबड असते. एका सकाळी सराव सुरू करायला गेलो तर एकही संगणक माझ्या संगणकावरची प्रश्नांची फाईल उघडेना. सगळं नेटवर्क ठप्प. मुलं घाबरली. परीक्षा तोंडावर आलेली. आणि कक्षात कुजबुज सुरू झाली. आदल्या दिवशी एका मुलाने ७ नंबरच्या संगणकाला स्वतःचा पेन ड्राइव्ह लावला होता. "यानेच व्हायरस आणला असणार." दहा मिनिटांत तो मुलगा दाराशी एकटा उभा होता. कुणी त्याला बाहेर काढलं नव्हतं, पण त्याच्या शेजारी कुणी उभंही राहत नव्हतं.

तेवढ्यात एक मुलगी पेटीसमोरून ओरडली, "बाई, इकडे बघा ना. सगळे दिवे एकदम नाचतायत."

खरंच, एरवी प्रत्येक दिव्याची लुकलुक आपापल्या तालावर असते. त्या दिवशी सगळे एकाच लयीत, न थांबता, भराभर. मी मुलांना म्हटलं, "हात लावायचा नाही. आधी सांगा, काय काय दिसतंय?" मग एकेक सुचवू लागले. आधी ७ नंबरच्या संगणकाची वायर काढली. दिव्यांचा नाच चालूच. मग सगळे संगणक बंद केले. तरी नाच चालूच. अर्धवट जाग्या कार्डांच्या पोर्टांवरही.

मी विचारलं, "सगळे संगणक बंद आहेत. मग बोलतंय कोण?"

कक्षात शांतता. मग मागून एक जण हळूच म्हणाला, "पेटी स्वतःशीच बोलतेय का?"

बरोबर होतं. आमच्याकडे प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरची चिठ्ठी लावलेली असते. मुलांनी एकेक पोर्ट तपासला. १९ आणि २३ या पोर्टमधल्या वायरींना नंबरच नव्हता. बोटाने माग काढत गेलं तर ती दोन टोकं एकाच वायरीची निघाली. कक्ष आवरताना पायात येणारी सुटी वायर कुणीतरी चांगल्या हेतूने 'नीट' खोचून ठेवली होती, दोन्ही टोकं त्याच पेटीत. वायर काढली आणि क्षणात सगळे दिवे शांत झाले.

याला लूप म्हणतात. सगळ्यांसाठी असलेला निरोप स्विच सगळ्या पोर्टांतून पाठवतो. तो १९ मधून निघतो, २३ मधून परत येतो, स्विचला वाटतं नवीन निरोप आला, तो पुन्हा सगळीकडे पाठवतो. इथरनेटच्या निरोपावर 'इतक्या फेऱ्यांनंतर संपव' असं काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे तो फिरतच राहतो आणि खऱ्या निरोपांना वाट उरत नाही. यावरचा उपाय रेडिया पर्लमन या संशोधिकेने १९८५ साली शोधला. स्विच एकमेकांशी बोलून कुठे गोल रस्ता तयार झाला आहे ते ओळखतात आणि त्यातली एक वाट बंद ठेवतात. वर सांगितलेला अर्ध्या मिनिटाचा केशरी दिवा म्हणजे हीच तपासणी. शाळांत असतात तशा साध्या स्विचमध्ये बहुधा ही सोय नसते, तिथे तपासणी आपल्यालाच करावी लागते.

वायर कोणी खोचली, हे आम्ही शोधलं नाही. गरजही नव्हती. पण दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलाला मी आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय होतं रे पेन ड्राइव्हमध्ये?" तो म्हणाला, "दुर्गाडी किल्ल्याचे फोटो, बाई. इतिहासाच्या प्रकल्पाचे."

व्हायरसनेही नेटवर्क भरून जाऊ शकतं, हे मुलांना मी त्याच दिवशी सांगितलं. बाहेरचा पेन ड्राइव्ह तपासूनच लावायचा, हा नियमही कायम आहे. पण 'असू शकतं' आणि 'आहे' यांत अंतर असतं, आणि ते अंतर निरीक्षणाने कापावं लागतं. ७ नंबरची वायर काढल्यावरही दिवे थांबले नाहीत, तिथेच त्या मुलावरचा आरोप संपला होता. ते बघायला कुणी नसतं, तर परीक्षेच्या आधी तो मुलगा महिनाभर मान खाली घालून वावरला असता.

पालकांसाठी: घरातला बॉक्स

आता पुष्कळ घरांत फायबरचं इंटरनेट आलं आहे. त्या बॉक्सवरही दिवे असतात. साधारणपणे त्यावर इंग्रजीत पॉवर, पीओएन, एलओएस आणि लॅन असं लिहिलेलं असतं. पीओएन स्थिर पेटलेला असेल तर बॉक्सची कंपनीच्या यंत्रणेशी ओळख पटली आहे. तो लुकलुकत असेल तर ओळख पटायची बाकी आहे, थोडं थांबा. एलओएस एरवी विझलेला असतो. तो लाल झाला तर बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही, म्हणजे फायबर कुठेतरी तुटली, वाकली किंवा निसटली आहे. अशा वेळी बॉक्स दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. केबलवाल्यांना फोन करून सरळ सांगा, "दादा, एलओएस लाल आहे." 'नेट चालत नाही' असं म्हणण्यापेक्षा याने काम लवकर होतं. एलओएस विझलेला, पीओएन स्थिर, आणि तरी इंटरनेट नाही, तर अडचण पुढे कुठेतरी आहे. पैसे भरायचे राहिलेत का, तेही बघा. दिवा तेवढं सांगत नाही.

एक धोक्याची सूचना: फायबरचं टोक निघालं असेल तर त्यात डोळा लावून बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. त्यातला लेझरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आणि आपल्या भागासाठी एक गोष्ट. २६ जुलै २००५ चा पूर कल्याण परिसरात कुणी विसरलेलं नाही. २०१९ च्या जुलैतही उल्हास नदीने हात दाखवला. शाळेचा संगणक कक्ष तळमजल्यावर असेल तर स्विच जमिनीवर किंवा टेबलाखाली ठेवू नका, भिंतीवर उंच लावा. पावसाळ्यात ओल धरली की जॅकच्या पट्ट्या काळवंडतात आणि दिवा मधूनच लागतो, मधूनच विझतो. लाईट जाऊन एकदम परत येते तेव्हाही या पेट्यांना धक्का बसतो. स्विच यूपीएसवर असलेला बरा.

करून पाहा: दिव्यांची वही

आमच्याकडे एक साधी वही आहे. तुमच्याही शाळेत सुरू करता येईल.

१. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा. संगणकावरही तोच.

२. तासिकेच्या सुरुवातीला दोन मुलांनी, आळीपाळीने, स्विचसमोर दोन मिनिटं उभं राहायचं. हात लावायचा नाही. कोणता दिवा बंद, कोणता स्थिर, कोणाचा रंग वेगळा, एवढं वहीत लिहायचं.

३. दिवा बंद असेल तर या क्रमाने बघायचं: संगणक चालू आहे का? वायर दोन्ही टोकांना 'टक्' आवाज येईपर्यंत बसली आहे का? चालू असलेल्या शेजाऱ्याची वायर लावून दिवा लागतो का? दुसऱ्या पोर्टमध्ये लावून लागतो का? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहून ठेवायची.

४. शेवटी एक ओळ: 'आज दिव्याने काय सांगितलं नाही?'

चौथी ओळ मुलांना सगळ्यात अवघड जाते आणि सगळ्यात जास्त शिकवते. सुरुवातीला 'काही नाही' असं लिहितात. मग कुणी लिहितं, 'दिवा लुकलुकत होता, पण ११ नंबरवर वेबसाईट उघडली नाही.' तिथून प्रश्न सुरू होतात.

या वहीसाठी खर्च काही नाही. एक वही, चिकटवायच्या पट्ट्या आणि रोजची दोन मिनिटं. आमच्या कक्षात 'बंद आहे' ही चिठ्ठी आता क्वचित लागते. लागलीच, तर खाली मुलांच्या अक्षरात लिहिलेलं असतं: 'वायर बदलून पाहिली, पोर्ट बदलून पाहिला, दिवा लागत नाही, बहुतेक कार्ड गेलं.' दुरुस्तीवाले दादा आले की आधी ती चिठ्ठी वाचतात आणि लागेल ते सामान काढून बसतात.

तुमच्या शाळेत किंवा घरी हे करून पाहा, आणि चौथ्या ओळीत मुलांनी काय लिहिलं ते जरूर सांगा.